दवाखान्याची पायरी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला आणि नेहमीप्रमाणे विषय सापडेना. मग गेल्या हिवाळ्यातला एक प्रसंग आठवला. अंगणवाडीच्या पायरीवर चिरेखाणीवरची एक बाई तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसली होती. तिला मराठी येईना, आम्हांला कानडी येईना. ‘दवाखाना’ हा एकच शब्द दोन्हीकडे कळत होता. पण दवाखाना सात-आठ किलोमीटरांवर, रिक्षाला पैसे नाहीत, आणि दिवस मोडला तर मुकादम खाडा मांडणार, अशी तिची अडचण. अखेर आम्ही दोघी-तिघी तिला घेऊन आरोग्यकेंद्रात गेलो. औषध मिळाले, मूल चार दिवसांत खेळूही लागले. परत येताना आमच्यातल्या एक वयस्क सभासद सहज बोलून गेल्या, “अगो, माजी सासू पण मुंबयक अशीच पायरेर बसलेली.”

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आपल्या मालवण किनाऱ्यावरचे असे घर शोधून सापडणार नाही, की ज्यातले कोणी मुंबईस पोटासाठी गेले नाही. गावच्या गाऱ्हाण्यात आजही चाकरमान्यांचे नाव घेतले जाते. ‘परगावी गेलेल्या लेकरांक सुखी ठेव’ असे देवाला सांगितले जाते. पण ही लेकरे परगावी आजारी पडत, तेव्हा त्यांचे काय होई? त्यांच्यासाठी दवाखान्याचे दार कोणी उघडले, आणि ते उघडायला किती वर्षे लागली? हा इतिहास आपल्याच घरचा असून आपण तो कधी एकत्र मांडलेला नाही. तो थोडक्यात सांगावा, असा या लेखाचा हेतू आहे.

मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी १८५४ साली काढली. पुढल्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना माणसे पुरवण्याचे काम आपल्या कोकणाने केले. त्या वेळी आजचा सिंधुदुर्ग, सावंतवाडी संस्थानाचा मुलूख वगळता, रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. १९११ च्या शिरगणतीच्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. सबंध शहराचे पाहिले, तर पाचांपैकी चार माणसे मुंबईबाहेर जन्मलेली. म्हणजे मुंबई हे शहरच मुळी परगावच्या माणसांचे!

मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने निघायचे, भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, आणि गावच्या ओळखीने परळ-लालबागेतली खोली गाठायची. ‘बैठकीची खोली’ म्हणत ती हीच. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष, पाळीपाळीने झोपणारे. एक पाळी कामावर गेली की दुसरीने तीच वळकटी उलगडायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे. बायकामुले बहुतेकांची गावी. ज्या थोड्या बायका मुंबईत होत्या, त्या स्वतः गिरणीत राबत किंवा खानावळ चालवत.

आता, मुंबईत दवाखाने नव्हते असे नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे, त्याला लागून जे. जे. रुग्णालय. या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. ते पेडण्याकडच्या मांद्रे गावचे, म्हणजे आपल्या सीमेपलीकडचे शेजारीच. त्यांनी आपले बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. परगावाहून आलेल्या माणसाचे दुःख परगावाहून आलेल्या डॉक्टराला कळावे, यात नवल नाही. ज्याचे जळते त्याला कळते.

तरीसुद्धा गिरणीतला माणूस दवाखान्याची पायरी सहसा चढत नसे. कारणे साधी होती. दवाखान्याची वेळ तीच गिरणीची वेळ. एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. तिथली भाषा, तिथले शिपाई, तिथले कागद, सगळेच परके. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत घट्ट. त्यात कोणी आपले सोबत नाही. औषध फुकट असले तरी औषधापर्यंतची वाट फुकट नव्हती.

ही समजूत किती खोल गेली होती, हे १८९६ साली दिसून आले. त्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हेही गोव्याचेच. पुढे १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला, पण त्याआधीच सरकारी सक्ती सुरू झाली होती. घरांची झडती, आजाऱ्याला उचलून इस्पितळात नेणे, सामानसुमान जाळणे. बायकांना परपुरुषांनी तपासणे, ही तर लोकांना असह्य झालेली गोष्ट. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर हल्ला केला. ज्या इस्पितळाने त्यांना वाचवायचे, त्याच्यावरच त्यांनी दगड उचलले! त्यांचे वागणे बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण ज्याच्याशी कोणी कधी समजुतीचे दोन शब्द बोलले नाही, त्याच्या दारात एकदम पोलीस घेऊन आरोग्य आले, तर तो त्याला आरोग्य म्हणून ओळखणार कसा?

याच्या उलट उदाहरणही त्याच साथीतले आहे. डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ‘आधी केले, मग सांगितले’ म्हणतात ते हेच. दरम्यान लाखो माणसे शहर सोडून गावोगाव पळाली. त्यांत आपले कोकणी पुष्कळ होते. शहरात आजार झाला तर कुणाच्या भरवशावर राहायचे? भरवसा एकच, गाव.

आता बायकांकडे वळू, कारण या इतिहासातला सर्वांत दुःखद आकडा त्यांच्याविषयी आहे. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ८२८ बालमृत्यू नोंदले गेले. वाचताना अंगावर काटा येतो. हजारांत आठशे अठ्ठावीस! पण या आकड्यात एक कोडे होते, आणि त्याचे उत्तर आपल्या किनाऱ्यावर आहे. पुष्कळ बायका बाळंतपणासाठी गावी येत. मूल जन्मे ते कोकणात, आणि त्याचा जन्म नोंदला जाई तोही कोकणात. चार-सहा महिन्यांनी आई मुलाला घेऊन पुन्हा आगबोटीने मुंबईस जाई. तिथे ते दगावले, तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत. जन्म एका वहीत, मरण दुसऱ्या वहीत. त्यामुळे शहराचा आकडा होता त्याहून मोठा दिसे, हे तेव्हाच्या जाणकारांनीही ओळखले होते.

आकडा थोडा खाली आणला म्हणून दुःख खाली येत नाही, हे खरे. तरी या दोन वह्यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या बाळाचे जन्माचे गाव एक आणि वाढण्याचे गाव दुसरे, त्याची पुरती नोंद कोणाकडेच नसते. आणि जे नोंदीत नाही, त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही. फिरत्या माणसाच्या आरोग्याचे मूळ दुखणे शंभर वर्षांपूर्वीच या आकड्यात लिहून ठेवलेले होते.

त्याच सुमारास मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांची स्थिती पाहण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. त्या चाळीचाळींतून, खोल्याखोल्यांतून फिरल्या. कामकरी बायकांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. ‘बाळगोळी’ म्हणून ती विकत मिळे. आई दहा तास साच्यावर; मूल रडू नये, झोपून राहावे, म्हणून गोळी. या आयांना आपण नावे ठेवू नयेत. त्या निर्दय नव्हत्या, निरुपाय होत्या. गावी असत्या तर सासू, जाऊ, शेजारीण यांच्यापैकी कोणीतरी मूल घेतले असते. मुंबईच्या खोलीत सासूच्या जागी गोळी होती.

बाळंतपणाच्या काळात कामकरी बाईला पगारासह विश्रांती मिळावी, म्हणून ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले. ते नामंजूर झाले. पुढे मुंबई विधिमंडळात आसवले यांनी विधेयक मांडले. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. आईला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा तो पहिला. दिवसाला आठ आणे, तेही ठरावीक आठवडे. आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण ‘बाईचे बाळंतपण हे फक्त तिच्या घराचे काम नाही’, हे तत्त्व त्यातून प्रथम मान्य झाले. अर्थात एकाच गिरणीत ठरावीक महिने काम झालेले असावे अशी अट होतीच. आज या गिरणीत, उद्या त्या, अशी फिरती बाई त्यातून निसटली. खानावळवाली तर कुठेच धरलेली नव्हती.

दवाखानेही हळूहळू गिरणगावात येऊ लागले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये व दवाखाने चालवले. १९२६ साली परळला मुंबई महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय उघडले, आणि त्याच वर्षी शेजारी नौरोजी वाडिया प्रसूतिगृहही. लालबाग-परळच्या बायकांना ‘वाडियात बाळंत होणे’ ठाऊक झाले ते तेव्हापासून. रुग्णालय माणसाच्या पायी चालण्याच्या अंतरावर आले, ही मोठीच गोष्ट झाली.

तरीही लांबचा आजार आला, की चाकरमानी गावीच परते. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने (त्याचे अध्यक्ष व्हिटले साहेब होते) १९३१ च्या अहवालात लिहिले, की कामगाराचे गावाशी असलेले नाते हा त्याचा मोठा आधार आहे, ते तोडू नये. आजारपणात आणि म्हातारपणात गाव त्याला सांभाळते. वाचायला हे गोड वाटते. पण गाव सांभाळते म्हणजे नक्की कोण सांभाळते? गाव म्हणजे पडवीतल्या खाटेशी बसणारी बायको, पेज भरवणारी आई, रात्री उठून पाठ चोळणारी सून. क्षय घेऊन आलेला मुंबईकर महिनोन् महिने पडवीत झोपून असे; त्याचे भांडे वेगळे ठेवावे, खोकताना तोंडावर कापड धरावे, हे त्या घरात सांगायला कोणी जात नसे. मुंबईने तरुण माणूस नेला आणि आजारी परत पाठवला. त्याची शुश्रूषा मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बायकांनी केली, आणि कित्येकींनी त्याचा आजारही घेतला. गिरणीच्या हिशेबात हा खर्च कधी पडला नाही.

या बाजूला इलाज तो कितीसा! वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनचे डॉ. गोहीन यांचे सेंट ल्यूक रुग्णालय होते. लांबलांबहून माणसे होडीने, डोलीने तिथे नेत. बाकी सारे सुईण, वैद्य आणि देवाचा कौल यांच्यावर.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली, आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. पगारातून थोडी वर्गणी कामगाराची, थोडी मालकाची. त्या बदल्यात औषध आणि आजारपणाच्या दिवसांचा काही पगार. मुंबईत या योजनेची एक गोष्ट फार शहाणपणाची होती. वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांची यादी करून, त्यांतला आपल्या सोयीचा डॉक्टर कामगाराने निवडावा अशी मुभा दिली. म्हणजे चाळीच्या कोपऱ्यावरचाच, आपली भाषा बोलणारा, ओळखीचा डॉक्टर. माणसाला दवाखान्यापर्यंत ओढण्याऐवजी दवाखाना माणसाच्या वाटेवर आणला. खिशात विम्याचे कार्ड आले, आणि कुठल्या गावचा हे न विचारता औषध मिळू लागले.

पण प्रथम ही सोय कामगारापुरती होती. कुटुंबांना औषधोपचार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागला. आणि कुटुंब कोकणात असेल, तर मुंबईच्या कार्डाचा गावी उपयोग कोणता? खानावळवाल्या बायका तर कार्डाबाहेरच. त्यांना एकत्र आणण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे गिरणगावाला जेवू घालणाऱ्या या बायका कोणाच्या तरी यादीत आल्या. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. अनेकांची नोकरी कायमची गेली, आणि नोकरीबरोबर विम्याचे कार्डही गेले. त्या वर्षांत आपल्या गावांत परत आलेली माणसे आपल्यापैकी अनेकींनी पाहिलेली आहेत. नोकरीला बांधलेले औषध नोकरीबरोबरच जाते, हा धडा त्यांनी आपल्या अंगावर घेतला.

इकडे गावातही आरोग्य येत होते. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला, की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि उपचार माणसाच्या घराजवळ असावा. १९५२ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रे उभी राहू लागली. १९७८ मध्ये अल्माआता येथे जगातल्या देशांनी मिळून प्राथमिक आरोग्यसेवा सर्वांपर्यंत नेण्याचा ठराव केला. आपल्याकडे साधारण ३० हजार वस्तीला, आणि डोंगराळ भागात २० हजारांना, एक प्राथमिक आरोग्यकेंद्र. ५ हजारांना, डोंगरात ३ हजारांना, एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. २००५ पासून हजार वस्तीमागे एक आशाताई आली. आजच्या सुनांना घरी सुईण बोलवावी लागत नाही, हे या सगळ्याचे फळ.

मात्र या मोजणीकडे बारकाईने पाहा. ३० हजार, ५ हजार, एक हजार, हे सारे आकडे गावात कायम राहणाऱ्या माणसांचे. जो आठ महिन्यांसाठी येतो आणि पावसाआधी जातो, तो या हजारात धरायचा की नाही? पुन्हा त्याच दोन वह्या!

आणि आता काळाने पाट फिरवला आहे. ज्या किनाऱ्यावरून माणसे पोटासाठी बाहेर जात, त्याच किनाऱ्यावर आज माणसे पोटासाठी येतात. देवगडच्या आंबाबागांत राखणीला नेपाळी कुटुंबे राहतात. बंदरात मोठ्या मचव्यांवर आणि ट्रॉलरवर परप्रांतीय खलाशी असतात. चिरेखाणींवर कर्नाटकातली कुटुंबे मुलाबाळांसह येतात. पावसाळा सरला की ती येतात, मे सरता सरता जातात. जून-जुलैत मासेमारी बंद, पावसात खाण बंद.

लसीकरणाच्या वेळापत्रकावर हा हंगाम ठेवून पाहिला, म्हणजे अडचण कळते. दिवाळीच्या आसपास खाणीवर मूल जन्मले, असे धरा. जन्मतःची लस इथे, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीही इथेच. पण नऊ महिने भरल्यावर गोवर-रुबेलाची लस येते, तेव्हा श्रावण जवळ आलेला असतो, खाण बंद, आणि मूल आपल्या गावी किंवा दुसऱ्याच कुठल्या कामावर. इथल्या वहीत ‘स्थलांतरित’ अशी एक ओळ, तिथल्या वहीत नावच नाही. १९२१ च्या मुंबईत आपल्या नातवंडांचे जे होई, तेच आज आपल्या गावात त्यांच्या मुलांचे होत आहे. फरक एवढाच, की तेव्हा आपण आगबोटीत होतो आणि आज धक्क्यावर उभे आहोत.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. परराज्यातून आणलेल्या कामगारांना कंत्राटदाराने औषधपाण्याची सोय फुकट द्यावी, असा कायदा १९७९ साली झाला; पुढे तो २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. पण नेपाळ हे आपल्या देशातले राज्य नव्हे. १९५० च्या मैत्रीच्या तहाने तिथले लोक इथे राहू शकतात, काम करू शकतात; मात्र परराज्यातल्या कामगारांसाठी केलेल्या कायद्यात बागेचा राखणदार बसत नाही. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या इंद्रधनुष मोहिमेत वीटभट्ट्या, बांधकामे, कोळीवस्त्या अशा सुटलेल्या जागी जाऊन मुलांना लस देण्याचे ठरले. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले.

म्हणजे औषधाचे मोल आता आड येत नाही. आड येते ती पायरी. दवाखान्याची वेळ तीच कामाची वेळ, भाषा परकी, अंतर लांब, कार्ड गावी राहिलेले, मुकादमाची भीती, आणि सोबत आपले कोणी नाही. वर लिहिलेली परळची यादी आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवून पाहा.

काम कसे करावे, याचे एक सुरेख उदाहरण आपल्या आरोग्य खात्याकडेच आहे. हत्तीरोगाचे जंतू दिवसा रक्तात सहसा सापडत नाहीत, रात्री सापडतात. म्हणून त्या तपासणीसाठी कर्मचारी रात्री वस्तीवर जातात आणि बोटाच्या थेंबभर रक्ताचा नमुना घेतात. जंतूची वेळ पाळतो, तशी माणसाची वेळ पाळली, तर निम्मे काम होईल. खलाशी समुद्रावरून परत येतो ती वेळ, खाणीची सुट्टी, आठवड्याचा बाजार, हीच खरी दवाखान्याची वेळ.

आता एक गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो, पण वर्धापनदिन हा नुसता कौतुकाचा दिवस नसावा. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली, आणि मे महिन्यात मुंबईहून आपलीच माणसे गावी आली. चौदा दिवस त्यांना शाळांतून, रिकाम्या घरांतून वेगळे ठेवले. वेगळे ठेवणे आवश्यकच होते. रोगच तसा होता. पण त्या दिवसांत आपल्यापैकी काहींनी दारे लावून घेतली, विहिरीवर येऊ नका म्हटले, ‘मुंबयकार इले’ हे शब्द आनंदाऐवजी भीतीने उच्चारले. मीही त्यांत होते. ज्यांच्या मनिऑर्डरींवर आपली घरे उभी राहिली, त्यांच्याकडे आपण रोग म्हणून पाहिले. १८९६ साली शहर आपल्या आजे-पणज्यांकडे असेच पाहत होते. आणि शाळेच्या पडवीत जेवणाचा डबा ठेवून, लांबूनच का होईना, ‘बरो आसस मा?’ असे विचारणाऱ्या भगिनीही आपल्यातच होत्या. औषधाइतकाच त्या विचारण्याने धीर आला, असे त्या पडवीत राहिलेली माणसे अजून सांगतात.

‘गरज सरो, वैद्य मरो’ अशी म्हण आहे. आपली गरज सरली, म्हणून आपण दवाखान्याच्या पायरीला विसरलो, असे होऊ नये. या शंभर-सव्वाशे वर्षांच्या हकिकतीतून मंडळाने काय घ्यावे, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगते.

पहिले, मोजणी. पावसाळा संपला, की आपापल्या वाडीच्या आसपास कोणत्या बागेत, खाणीवर, बंदरात किती कुटुंबे आली, त्यांत गरोदर बाई किती, पाच वर्षांखालची मुले किती, एवढे आपण आशाताईंना कळवू शकतो. चौकशी माणुसकीची असावी, पोलिसी नसावी. मुंबईच्या झडत्यांची आठवण ठेवावी.

दुसरे, वही. प्रत्येक मुलाचे लसीचे कार्ड आईच्या हाती असावे, आणि मेमध्ये निघताना ते तिच्या गाठोड्यात गेले आहे ना, हे कोणी तरी पाहावे. पुढची लस कधी, ते तिला कळेल अशा रीतीने सांगावे. दोन वह्यांच्या मध्ये बाळ पडते, ते या एका कार्डाने सावरता येते.

तिसरे, भाषा. आपल्यात कुणाची सून कर्नाटकातली आहे, कुणाच्या दुकानात कानडी येणारा मुलगा आहे. आजाराचे वीस-पंचवीस शब्द कानडीत व नेपाळीत लिहून आरोग्यकेंद्रात लावले, तरी डॉक्टरांचे व आजाऱ्याचेही काम सोपे होईल.

चौथे, सोबत. हे सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्मीळ. बाई एकटी जायला भिते; तिच्याबरोबर गावातली एक बाई गेली, तर तिच्याशी बोलण्याचा सूर बदलतो. हे आपण सासरी नवीन आलो तेव्हापासून अनुभवत आहोत.

यांतल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. हळदीकुंकवाला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ लागेल, इतकेच. के. ई. एम. बांधणे आपल्या हातचे नाही; पण ज्या डॉक्टर बार्न्स खोल्याखोल्यांतून फिरल्या, ते फिरणे आपल्या हातचे आहे.

लेखाच्या आरंभी जिचा उल्लेख केला, ती चिरेखाणीवरची बाई मे महिन्यात निघून गेली. जाण्यापूर्वी मुलाला कडेवर घेऊन अंगणवाडीशी आली, काही बोलली. आम्हांला एक अक्षर कळले नाही. तिने कार्ड काढून दाखवले आणि पुन्हा पदराच्या गाठीत बांधले, एवढे मात्र कळले. या वर्षी ती याच खाणीवर येईल की दुसऱ्या कुठल्या, ठाऊक नाही. जिथे जाईल तिथे कोणी तरी ते कार्ड उलगडून पाहावे, एवढीच इच्छा आहे.

येत्या जत्रेला गाऱ्हाणे घातले जाईल, तेव्हा परगावी गेलेल्या लेकरांसाठी आपण सगळ्या हात जोडूच. त्याच गाऱ्हाण्यात परगावाहून आपल्याकडे आलेल्या लेकरांचेही नाव घेतले, तर देवाला काही जड जाणार नाही. आपल्यालाही जाऊ नये.